पार्किंगमधली विधानसभा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी विधानसभा भरत होती. लेकीच्या शाळेत नववीच्या मुलांची अभिरूप विधानसभा होती आणि आमच्या दोन विंगमधली सात-आठ पोरं एकाच वर्गातली, त्यामुळे प्रॅक्टिस खाली, सहानंतर, ऑफिसवाल्यांच्या गाड्या परत यायच्या आत. इंदिरानगरला दिवाळीनंतर संध्याकाळी छान गार पडायला लागतं, कुणाच्या तरी खिडकीतून फोडणीचा वास खाली येतो, आणि त्यात ही पोरं, एकीकडे स्कूटरच्या सीटवर चढून बसलेले सत्ताधारी, समोर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर विरोधक, आणि मध्ये पालथ्या घातलेल्या बादलीवर अध्यक्ष म्हणून माझी लेक. राजदंड म्हणजे क्रिकेटचा स्टंप. मला बोलावलं होतं ते स्क्रिप्ट लिहून द्यायला, "काकू तुम्ही ब्लॉग लिहिता ना, मग तुम्हाला येईल", म्हणून मी चहाचा कप घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले. आणि बघते तर यांना भाषण एकाचंही येत नव्हतं पण गोंधळ मात्र सगळा येत होता. कागद कधी फाडायचे, वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, कधी उतरायचं, सभात्याग करताना कोणती घोषणा द्यायची, स्टंप कुणी पळवायचा हे सगळं आधीच ठरलेलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं होतं.

विषय शाळेनेच दिलेला होता, नाशिकचं पाणी खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला सोडावं का. विरोधी बाकावरचा एक पोरगा बीडकडचा, चार-पाच वर्षांपूर्वी घरचे इकडे आलेले, वडील अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. ते काम या दिवाळीच्या आधी सुटलं आणि आता ते रिक्षा चालवतात. पोरगा शांत, अक्षर सुंदर. तो उभा राहून कागदावरून वाचत होता की आमच्या भागात टँकरच्या मागे बायका पळतात वगैरे, त्याचं वाक्य अजून पूर्ण व्हायचं होतं आणि तेवढ्यात जलसंपदा मंत्री झालेला पोरगा स्कूटरवरून उतरला आणि म्हणाला, "तुमच्याकडे पाणी असतं तर तुमचे वडील इकडे कामाला आलेच नसते, आणि आले तर आले, ते काम तरी कुठे टिकलं?" असं काही टायमिंगने म्हणाला की सगळे फुटले. विरोधी बाकावरचे पण. लेक बादलीवर "शांतता राखा, शांतता राखा" म्हणत स्वतःच हसत होती. तो पोरगा कागद हातात घेऊन तसाच उभा, ओठांवर अर्धवट हसू आणलेलं, जे अशा वेळी आणावं लागतं, आणि मग त्याने कागदाची घडी घातली, अजून एक घातली, अजून एक, आणि खिशात ठेवला.

हसणाऱ्यांमध्ये मी होते.

खरंच हसले मी, चहा सांडेल इतपत. नंतर पोळ्या लाटताना ते आठवलं आणि हात थांबला. त्या पोराच्या घरचं मला माहीत होतं, त्याची आई मला लिफ्टमध्ये स्वतः सांत्वन केल्यासारखं सांगून गेली होती की "होईल काहीतरी ताई", म्हणजे मला माहीत नव्हतं अशी सबब सुद्धा नाही. मग मी का हसले. वाक्य जोरात होतं म्हणून? की ते "आपल्या" बाजूने आलं म्हणून? मी निफाड तालुक्यातली, आमच्या घरात पाणी हा कधी थंड डोक्याने बोलायचा विषय नव्हता, ऑक्टोबर उजाडला की पेपरात टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) आकडे आणि घराघरात "आमचं पाणी पळवलं". २००५ चा जलसंपत्ती नियमनाचा कायदा, समन्यायी वाटप, मेंढेगिरी समितीचं सूत्र, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांच्या खाली साठा असला की वरच्या धरणांनी सोडायचं, हे द्राक्षवाल्यांच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. आणि आमचं म्हणणं खोटंही नाही, गंगापूर धरण सगळं मिळून साडेपाच-पावणेसहा टीएमसीचं, जायकवाडी शंभराच्या वर, नदीतून सोडलेलं पाणी वाटेत किती मुरतं ते वेगळंच, आणि इकडे शहर वाढतंय, बागा उभ्या आहेत. पण त्या पोराचं म्हणणं तरी कुठे खोटं आहे, त्याच्या आजोबांची जमीन जायकवाडीच्या उजव्या कालव्यावर आहे पण टेलला, म्हणजे अगदी शेवटाला, तिथे पाणी पोचता पोचता आवर्तन संपतं. दोघंही खरे असतात तेव्हाच भांडण तापतं. आणि तापलं की कुणीतरी पाण्याचं सोडून बापाचं काढतं, कारण ते सोपं असतं, आणि त्यावर हशा हमखास येतो.

मला नाना आठवले. म्हणजे आठवले असं नाही, ते आतल्या खोलीतच होते, हल्ली माझ्याकडेच असतात, ऐंशी उलटली. नाना गावात ग्रामपंचायतीत होते, गावच्या सहकारी सोसायटीत होते, आणि त्यांचे कायमचे विरोधक म्हणजे अण्णा. दोघांची गावातली भांडणं आम्ही पोरं पंचायतीच्या खिडकीच्या गजाला लटकून बघायचो. चारीचं पाणी कोणाच्या शेतातून जायचं, आधी वरच्याचं भिजणार की खालच्याचं, यावर दोघं आवाज बसेपर्यंत भांडायचे, नानांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसायच्या, टेबलावर हात आपटला की तपकिरीची डबी उडायची. पण "अहो अण्णा" हे काही सुटायचं नाही. "अहो अण्णा, तुम्ही धादांत खोटं बोलताय" असं. मला तेव्हा ते गंमतशीर वाटायचं, धादांत खोटं आणि वर अहो. एकदा अशाच एका सभेत नानांच्या बाजूचा एक माणूस उठून म्हणाला की ज्यांना स्वतःची पोर सासरी नांदवता आली नाही ते गावाला काय पाणी पाजणार. अण्णांची मोठी मुलगी तेव्हा माहेरी परत आलेली होती. हशा सुरू झाला, पाठीमागून सुरू होतो तसा, आणि नाना ताडकन उभे राहिले आणि त्या स्वतःच्या माणसाला म्हणाले, "खाली बैस. चारीचं बोलायचं तर बोल, नाहीतर बाहेर जा." तो बसला. हशा मध्येच तुटला, जसा रेडिओ बंद करावा तसा. पुढे चारीचं काय झालं मला आठवत नाही, बहुतेक नानांचंच म्हणणं पडलं. पण अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं ते आठवतं, आणि पुढचं वाक्य बोलायला त्यांना जरा वेळ लागला ते आठवतं.

"पूर्वीचे पुढारी कसे सभ्य होते" हे आपल्याकडे वसंत व्याख्यानमालेपासून कटिंगच्या दुकानापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि मला ते कधी पूर्ण पटत नाही. १९०७ ची सुरतची काँग्रेस घ्या. जहाल-मवाळ वाद इतका पेटला की टिळक मंचावर हाताची घडी घालून उभे, बोलल्याशिवाय खाली उतरणार नाही म्हणून, आणि मंडपातून एक जोडा उडाला. लाल चामड्याचा, पुढे टोक असलेला, तळाला शिसं ठोकलेला आपला मराठी जोडा. तो आधी सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर बसला आणि तिथून उसळून फिरोजशहा मेहतांना लागला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या. म्हणजे आज आपण माइक उपटलेले आणि कागद भिरकावलेले बघतो त्याचे आजोबा-पणजोबा तिथे होते, आणि ते चांगले शिकलेसवरलेले, कोट-उपरण्यातले होते. त्या भांडणात टिळकांच्या समोरच्या बाजूला गोखले होते. दोघं पुण्याचे, एकेकाळी एकाच संस्थेत काम केलेले, आणि पुढे वर्षानुवर्षं एकमेकांच्या विरोधात लिहिलेलं, बोललेलं, त्यात काही मऊ नव्हतं.

आणि तरी १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते, तिथून खाली आले, स्मशानात बोलायला उभे राहिले. तेव्हा जमलेल्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या. टिळक बोलणार म्हणून टाळ्या, सवयीने. आणि टिळकांनी त्या थांबवल्या, ही टाळ्या वाजवायची वेळ नाही, अश्रू ढाळायची आहे असं म्हणाले, आणि मग गोखल्यांना भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हणाले. हिरा-रत्न हे सगळ्यांना माहीत असतं, शाळेत निबंधात घालतात. मला अडतं ते टाळ्यांपाशी. त्या टाळ्या वाजवणारे टिळकांचेच लोक होते ना. मेलेल्या विरोधकाबद्दल चांगलं बोलणं तितकं अवघड नाही, सगळेच बोलतात, हल्ली तर श्रद्धांजलीचे बॅनर पहिल्या तासात लागतात. पण आपल्यावर जीव टाकणाऱ्या माणसांना, आपल्याच नावाने उठलेल्या टाळीला, हात वर करून थांबवायचं, तेही भर गर्दीत, हे मी फार कमी वेळा बघितलंय.

आणि आमच्या पार्किंगमध्ये मोठं माणूस एकच होतं, मी, आणि माझ्या हातात चहाचा कप होता.

सभागृहाने खरं म्हणजे यासाठी सोय करून ठेवलेली आहे. संसदेला राज्यघटनेच्या १०५ आणि विधिमंडळाला १९४ कलमाने आत बोललेल्या शब्दाबद्दल कोर्टात खेचता येत नाही असं संरक्षण आहे, इतका मोठा मोकळेपणा कुणाला दिलेला नाही, आणि म्हणूनच त्याच्या जोडीला अध्यक्षांना असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकायचा अधिकार दिला. लेकीला मी हे समजावलं, ती खूश झाली, तिला एक नवीन वाक्य मिळालं. पण ती सोय वहीच्या काळातली आहे. लिहिणारा लिहितो, अध्यक्ष सांगतात, ओळ खोडली जाते, छापील कामकाजात ती नसते. आता शब्द तोंडातून निघायच्या आत लाइव्ह गेलेला असतो, कामकाजातून काढेपर्यंत त्याचं रील झालेलं असतं, खाली म्युझिक, डोळ्यावर काळा गॉगल उतरतो ते अॅनिमेशन, आणि "साहेबांनी काढली इज्जत". रील बनवणारा सभागृहात नसतो, तो आपल्यासारखाच कुठेतरी पार्किंगमध्ये बसलेला असतो. तो मुद्द्याचं रील बनवत नाही. पाणीवाटपाच्या सूत्रावर कुणी चाळीस मिनिटं नीट बोललं तर त्यातली चाळीस सेकंद सुद्धा माझ्या फोनपर्यंत पोचत नाहीत, आणि दोष माझा पण आहे, मी सुद्धा बोट वर सरकवते. समोर बसलेला सदस्य हे सगळं बघत असतो, त्यालाही निवडून यायचं असतं.

नानांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. अण्णांची आठवण काढली तर खुलले, सगळं सांगितलं, कोण कुठे बसलं होतं इथपर्यंत. मग मी दुसरी आठवण काढली, जी मला काढायची नव्हती पण आदल्या रात्रीपासून तीच डोक्यात होती. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत आमच्या पंचायतीत एक बाई आल्या, राखीव जागेवर, दलित वस्तीतल्या. पहिल्यांदाच कुणीतरी बाई सदस्य म्हणून त्या खोलीत खुर्चीवर बसली. त्यांनी वस्तीतल्या हातपंपाचं काढलं, बोलताना अडखळल्या, एक शब्द चुकला, आणि मागून कुणीतरी तो शब्द तसाच चुकीचा परत म्हणून दाखवला. सगळी खोली हसली. अण्णांची माणसं हसली, नानांची हसली, त्या दिवशी दोन्ही पार्ट्या एक झाल्या होत्या. आणि त्या बाईंना कुणी "अहो" म्हणत नव्हतं. नाना हसले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन, ते समोरचे कागद चाळत होते. पण उभेही राहिले नाहीत.

"तुम्ही तेव्हा का नाही थांबवलंत, नाना?"

नाना बराच वेळ बोलले नाहीत, मला वाटलं ऐकू आलं नसेल, मशीन काढून ठेवलं होतं त्यांनी. मग म्हणाले, "आपलीच माणसं होती गं ती सगळी. आणि पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती." एवढंच. मग थोड्या वेळाने, "हातपंप पुढं बसवला आपण तिथं." मी म्हटलं हो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाईट वाटलं की म्हाताऱ्या माणसाला मी हे विचारायला नको होतं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं की विचारलं. अण्णांना मिळालेलं "अहो" हे खरं होतं, ते मी खोटं म्हणणार नाही, पण ते एकाच पंक्तीत बसणाऱ्यांनी एकमेकांना दिलेलं होतं. मी इतकी वर्षं त्या पंक्तीचंच कौतुक करत होते, बाहेर कोण उभं आहे ते न बघता.

दोन दिवसांनी पंचवटीत काम होतं. काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजावरून मी शंभर वेळा गेले असेन, त्या दिवशी उगीच थांबले. १९३० चा मार्च, दादासाहेब गायकवाड आणि बाकीचे सत्याग्रही दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून याच दरवाजांसमोर बसले होते, बाबासाहेब इथे आले होते, आणि रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. नाशिककर म्हणून हे आपण एका वाक्यात सांगून पुढे जातो, मी पण. पण मला तिथे उभं असताना २५ नोव्हेंबर १९४९ आठवत होतं. ज्या माणसाला या गावाने दगडांनी उत्तर दिलं त्याने राज्यघटना पूर्ण झाल्यावर घटना समितीतल्या शेवटच्या भाषणात कोणाची आठवण काढली, तर ज्यांनी त्याला सगळ्यात जास्त छळलं त्यांची. कामत, आपले पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू. एकेकाचं नाव घेऊन. पक्षशिस्तीने सगळे होयबा झाले असते तर हे कामकाज अगदी नीरस झालं असतं, सुदैवाने काही बंडखोर होते, असं ते म्हणाले. त्यांच्या सूचना मी मान्य केल्या नाहीत म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही, असंही म्हणाले. यातल्या कामतांनी तर त्यांना कलमाकलमाला अडवलेलं. गोड बोलून सगळं झाकणं वेगळं आणि हे वेगळं, यात "मी मानलं नाही" हे स्वच्छ सांगितलंय आणि तरी समोरच्याला त्याची जागा दिलीय. मंदिराच्या बाहेर फुलवाली मला "ताई हार" म्हणत होती, मी घेतला, आत न जाता हातात हार घेऊन परत आले.

रात्री स्क्रिप्ट लिहायला बसले. मंत्र्याचं भाषण पटकन झालं, ते तर मला पाठच होतं. त्या पोराचं होईना. शेवटी मी त्यात रोजगार हमीचं घातलं. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला आले, वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती, त्यांनी ही योजना लावून धरली, तिचा १९७७ ला कायदा झाला आणि त्यात सत्ताधारी-विरोधक दोघांचा हात होता. आणि पैसा कुठून आला, तर १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, आजही सॅलरी स्लिपवर ती ओळ असते. म्हणजे शहराने न बघितलेल्या गावासाठी पैसे द्यायचे हे या राज्याने एकदा ठरवलेलं आहे, मग पाण्याचं का नाही, असं त्या पोराने विचारायचं. मंत्र्याने त्याला आकड्यांनी उत्तर द्यायचं, बापाने नाही. लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यात पहिल्यांदा जायकवाडीच्या बाजूने काहीतरी लिहितेय आणि ते बरंच पटतंय, नानांना सांगायची सोय नव्हती.

सकाळी दूध आणायला खाली उतरले तर त्याचे वडील रिक्षा पुसत होते. मी ठरवलं होतं की यांना सांगायचं, असं असं झालं, मी पण हसले, माफ करा. मी तोंड उघडायच्या आत तेच हात पुसत पुढे आले आणि म्हणाले, "ताई, पोरगं सांगत होतं तुम्ही भाषणं लिहून देताय. त्याचं जरा मोठं द्या ना. चांगलं बोलतो तो." म्हणजे त्याने घरी काही सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, दोन पानांचं आहे. ते म्हणाले, "वा." आणि परत काच पुसायला लागले. मी दूध घेऊन वर आले. सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं आणि त्यांचं जड, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं कदाचित मी भ्यायले होते.

संध्याकाळी मात्र पोरांसमोर बोलले. बादली, स्कूटर, कट्टा, सगळे आपापल्या जागी बसल्यावर म्हटलं की परवा एक वाक्य झालं त्यावर मी हसले, ते माझं चुकलं, मी मोठी होते आणि मी थांबवायला पाहिजे होतं. मंत्री खाली बघायला लागला. तो वाईट मुलगा नाही, त्याने ते वाक्य कुठेतरी ऐकलेलं, नाव बदलून टाकलेलं. लेकीने बादलीवर हात आपटून "ते वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे" असं जाहीर केलं, तिला ते म्हणायचंच होतं, पण यावेळी हसली नाही. बीडकडच्या पोराने काही प्रतिक्रिया दिली नाही. माझ्याकडून कागद घेतला, दोन्ही पानं उलटून बघितली आणि विचारलं, "काकू, यात व्यवसाय कर म्हणजे प्रोफेशनल टॅक्स ना? पप्पांच्या स्लिपवर असायचा."

मी म्हटलं हो, तोच.

तो कट्ट्यावर उभा राहिला, घसा साफ केला, "अध्यक्ष महोदय" म्हणाला आणि तेवढ्यात बी विंगमधल्या काकांची गाडी गेटमधून आत आली, हेडलाइट सगळ्यांच्या डोळ्यांवर, हॉर्न, स्कूटरवरचं अख्खं मंत्रिमंडळ खाली उतरलं, बादली बाजूला, स्टंप बाजूला. मंत्र्याने कट्ट्याला टेकवलेली आपली सायकल सरकवून त्याला उभं राहायला जागा करून दिली. गाडी लागेपर्यंत तो कागद धरून तिथेच थांबला, मग लेकीने विचारलं, "कुठून घेतोस?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला.